घरचा कांदा गणपतीपर्यंत टिकवायचा कसा? काढणी, साठवण आणि फ्रीझरची सोपी पद्धत

हैदराबाद : एप्रिल संपत आला की परभणी-नांदेडकडून येणाऱ्या देवगिरी आणि अजिंठा एक्स्प्रेसमधून सिकंदराबाद, काचीगुड्याला उतरणाऱ्या सामानात एक गोष्ट हमखास दिसते. कांद्याचं पोतं. लातूर, उदगीर, बिदर, जहिराबादकडून येणाऱ्या बसच्या डिकीतही तेच. गावाकडं आईवडिलांनी चार वाफ्यांत लावलेला, घरच्या विहिरीच्या पाण्यावर वाढवलेला कांदा. पोरगं शहरात विकत घेऊन खातं, ते जिवावर येतं म्हणून पाठवलेला.

आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये तेच पोतं उघडलं की निम्मं सडलेलं असतं. काही कोंब फुटलेले, काही पिचपिचीत, काहींवर काळी पूड. घरात वास सुटतो. बायको म्हणते, पुढच्या वर्षी आणूच नका. गावाकडं फोनवर मात्र "कांदा अजून चालू आहे" असंच सांगावं लागतं.

नुकसान पैशाचंही आहे. उन्हाळ कांदा निघतो तेव्हा भाव पडलेला असतो आणि ऑगस्टनंतर तो बहुतेक वर्षी चढतो. २०१९ च्या डिसेंबरात देशातल्या अनेक शहरांत कांदा किलोला शंभरीपार गेला होता, तो आपण विसरलेलो नाही. म्हणजे एप्रिलमध्ये गावाकडं जो माल मातीमोल जातो, तोच मलकपेटच्या बाजारातून दिवाळीला आपण चढ्या दरानं घरी आणतो. मधला फरक फक्त साठवणुकीचा आहे.

ज्याला आपण कांदा म्हणतो, इथले तेलुगू शेजारी उल्लिगड्ड म्हणतात, उत्तर कर्नाटकात उळ्ळागड्डी म्हणतात आणि जुन्या शहरात प्याज म्हणतात, तो सगळीकडं एकाच कारणानं सडतो. ते कारण आणि त्यावरचे उपाय क्रमानं बघू.

कांदा मेलेला नसतो, झोपलेला असतो

काढलेला कांदा म्हणजे जिवंत गड्डा. पात वाळते तेव्हा कोंब थोपवून धरणारी द्रव्यं पातीतून गड्ड्यात उतरतात आणि कांदा काही काळ झोपी जातो. याला सुप्तावस्था म्हणतात. ही झोप जितकी लांबेल तितका कांदा टिकतो.

झोप मोडते ती तापमानामुळं. साधारण २५ ते ३० अंशांच्या उबेत कांदा झोपून राहतो, शून्याच्या आसपासच्या थंडीतही झोपून राहतो. पण मधलं १० ते २० अंशांचं तापमान मिळालं की त्याला वाटतं थंडी आली, उगवायची वेळ झाली. म्हणून कोंब फुटतो.

दुसरा शत्रू ओलावा. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. त्यापेक्षा बरीच कमी असेल तर कांदा सुकून वजन घटतं, बरीच जास्त असेल तर बुरशी धरते आणि मुळं फुटतात.

आता हैदराबादचं हवामान बघा. एप्रिल-मे कडक ऊन आणि कोरडी हवा. कांद्याचं वजन थोडं घटतं, पण झोप मोडत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो. तापमान उतरतं, हवा दमट होते. म्हणजे खरी परीक्षा जूननंतर सुरू होते. जूनपर्यंत कांदा नीट सुकलेला नसेल तर पुढं काहीही करा, तो टिकत नाही.

टिकणारा कांदा आणि न टिकणारा कांदा

सगळे कांदे टिकण्यासाठी नसतात. जून-जुलैला लावून दिवाळीच्या आगेमागे निघणारा खरिपाचा लाल कांदा महिना-दीड महिन्यात संपवायचा. त्यानंतरचा रांगडा थोडा बरा. साठवायचा तो रब्बीचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लावून मार्च ते मेपर्यंत काढलेला उन्हाळ कांदा.

साठवणुकीसाठी महाराष्ट्रात एन-२-४-१ हे जुनं नावाजलेलं वाण. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा किरण आणि भीमा शक्ती ही वाणंही रब्बीत टिकाऊ म्हणून लावली जातात. खरिपाचं बी रब्बीत लावलं तर दुभाळके आणि डेंगळे जास्त निघतात, आणि असा कांदा टिकत नाही. गावाकडं बी घेताना एवढं एक विचारून घ्यायला सांगा.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी एक इशारा. ऑनलाइन मिळणारी परदेशी कांद्याची रंगीत पाकिटं बघून भुलू नका. गड्डा कधी भरायचा हे कांदा दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. थंड देशांतल्या बऱ्याच वाणांना १४ तासांहून मोठा दिवस लागतो. हैदराबाद सतराव्या अक्षांशावर, इथं सगळ्यात मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या आसपास. त्या बियांना इथं नुसती पात येते, खाली गड्डा धरत नाही. आपल्याकडची वाणं लहान दिवसाची आहेत, तीच लावा.

गच्चीवर किती निघेल?

तेलंगणच्या उद्यान खात्यानं 'मन इंटि कूरगायलु', म्हणजे 'आपल्या घरच्या भाज्या', या नावानं शहरी परसबागेची योजना राबवली, तेव्हापासून हैदराबादच्या गच्च्यांवर भाजी चांगलीच रुळली. कांदा मात्र कमी लोक लावतात. जागा खातो म्हणतात. हिशेब असा :

दोन फूट बाय दोन फूट वाफा किंवा ग्रो बॅग, माती आठ-दहा इंच खोल. रोपं चार-चार इंचांवर. एका बॅगेत ३० कांदे बसतात. एक कांदा ७० ग्रॅमचा धरला तर दोन किलो. दहा बॅगा असतील तर २० किलो. रोज पाव किलोच्या आत कांदा लागणाऱ्या चौघांच्या घराला तीन महिने पुरेल एवढा माल.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये रोप टाकायचं, सहा-सात आठवड्यांनी लावणी, आणि मार्चअखेर ते एप्रिलमध्ये काढणी. साठवायचा असेल तर एक पथ्य : लावणीनंतर ६० दिवस झाले की नत्र द्यायचं नाही. ना युरिया, ना शेणाची स्लरी. उशिरा नत्र दिलं की पात माजते, मान जाड राहते, आणि जाड मानेचा कांदा आतून आधी सडतो.

काढणी : माना पडू द्या, पाडू नका

रब्बीचा कांदा लावणीपासून साधारण ११० ते १२० दिवसांत तयार होतो. पण दिवस मोजण्यापेक्षा माना बघा. पातीचा बुडखा मऊ होऊन पात आपोआप आडवी पडते. वाफ्यातल्या निम्म्या माना पडल्या की कांदा काढायला आला.

घाई म्हणून काही जण पायानं पात तुडवून माना पाडतात. ते करू नका. पातीतलं अन्न आणि झोपेचं औषध गड्ड्यात उतरायच्या आतच वाट बंद होते.

काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. गच्चीवरच्या बॅगेला एवढ्यात माती अगदी दगड होत असेल तर आठवडाभर तरी तोडा. काढताना कांद्याला खुरपं लागू देऊ नका. जखम झालेला कांदा साठवणुकीतून कायमचा बाद.

सुकवणं : सगळा खेळ इथंच आहे

शेतात कांदा तीन-चार दिवस पातीसकट सुकवतात. एका ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे गड्डे झाकायचे, म्हणजे थेट ऊन लागत नाही. नंतर एक इंच मान ठेवून पात कापायची. अगदी बुडातून कापली तर तिथूनच बुरशी आत शिरते. मग सावलीत पातळ पसरून आणखी दहा-बारा दिवस.

गच्चीवाल्यांची चूक इथं होते. एप्रिलच्या उन्हात स्लॅब एवढा तापतो की पाय ठेववत नाही. त्यावर कांदा पसरला तर खालच्या बाजूनं तो चक्क शिजतो. वरून छान दिसतो, पंधरा दिवसांनी आत पांढुरका मऊ डाग निघतो. म्हणून हिरव्या जाळीखाली किंवा सज्ज्याच्या सावलीत, खाली बाज किंवा गोणपाट टाकून सुकवा. आणि अवकाळीचं आभाळ दिसलं की लगेच आत घ्या. एकदा भिजलेला कांदा पुन्हा सुकतो, पण पहिल्यासारखा टिकत नाही.

सुकला कधी म्हणायचं? मान दोन बोटांत दाबा. आत काही सरकल्यासारखं वाटलं तर अजून ओला आहे. मान कागदासारखी चुरचुरली आणि ढिगात हात घातल्यावर सालांचा खळखळ आवाज आला की झाला.

गावाहून आलेलं पोतं आपण सुकवत नाही, हीच पहिली चूक. पोत्यात आणि डिकीत त्याला घाम सुटलेला असतो. घरी आल्या दिवशी पोतं उघडा, हॉलमध्ये चादर टाकून कांदा पसरा, दोन-तीन दिवस पंखा लावा.

तीन ढीग करा

कांदा पसरला की हातासरशी निवड उरकून घ्या.

१. पहिला ढीग, साठवायचा : मध्यम आकार, घट्ट, बारीक मान, साल पूर्ण, कुठं खरचटलेलं नाही.

२. दुसरा ढीग, आधी खायचा : जाड मानेचे, दुभाळके, डेंगळे आलेले, खूप मोठे, साल गेलेले. हे पहिल्या महिन्यात संपवा.

३. तिसरा ढीग, आजच कापायचा : खुरप्याचा घाव लागलेले, प्रवासात ठेचलेले. खराब भाग काढून उरलेला फ्रीझरमध्ये.

पहिल्या ढिगात एकसुद्धा तिसऱ्या ढिगातला कांदा गेला तर तो शेजारच्या चारांना घेऊन बसतो.

फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठं?

गावाकडं माळवदाच्या घरात कांदा आढ्याला टांगलेला असायचा, पातीच्या वेण्या घालून. त्यामागं शास्त्र एकच : चारही बाजूंनी वारा. फ्लॅटमध्येही तेच जमवायचं.

- जाळीची पिशवी, बांबूचं टोपलं, भाजीचा जाळीदार रॅक चालतो. प्लॅस्टिकची पिशवी, झाकणाचा डबा, बंद ट्रॉली नको.
- थर एक वीतभर. पिशवी टांगणार असाल तर तीन-चार किलोच्या छोट्या पिशव्या करा.
- जागा सावलीची, वाऱ्याची. सिंकखाली ओल असते, गॅसशेजारी वाफ असते, बंद माळ्यावर हवा कोंडते. पावसाची झड न येणारी बाल्कनी सगळ्यात बरी.
- बटाटा शेजारी नको. त्याचा ओलावा कांद्याला बाधतो.
- अख्खा कांदा फ्रीजमध्ये नको. तिथली दमट थंडी कांद्याला मानवत नाही. तो मऊ पडतो, कोंब धरतो आणि दुधाला वास लागतो तो वेगळाच.
- जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा सगळा कांदा हातावेगळा बघा. सडका कांदा दिसायच्या आधी वासानं कळतो.

सीमाभागात ज्यांच्याकडं दोन-चार क्विंटल माल आहे, त्यांनी छोटी चाळ करायला हरकत नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, तळालाही फटी, बाजूंना बांबूचे ताटे, वर छप्पर. पत्रा असेल तर त्यावर पाचट टाका, नाहीतर आत भट्टी होते. ढिगाची उंची चार-पाच फुटांच्या वर नेऊ नका, खालचा कांदा दबतो. एवढं करूनही चार-सहा महिन्यांत वजनघट, सड आणि कोंब मिळून बरीच तूट येतेच, ती भाव ठरवताना धरून चाला.

कोंब थांबवायचा मोठा उपाय म्हणजे विकिरण. भाभा अणुसंशोधन केंद्रानं नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ मध्ये त्यासाठी 'कृषक' केंद्र सुरू केलं. पण विकिरणानं कोंब थांबतो, सड थांबत नाही. म्हणजे तिथंही सुकवणं चुकत नाही.

काळी पूड दिसली, आता?

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ होती तेव्हा कांद्यावरची काळी बुरशी म्हणजे तोच रोग, असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरला. कितीतरी घरांत चांगला कांदा फेकला गेला. तो मेसेज खोटा होता. कांद्यावरची काजळी ॲस्परजिलस नायजर या वेगळ्याच बुरशीची असते. फक्त वरच्या सालीवर असेल तर साल काढा, कांदा धुवा, काळा पापुद्रा टाकून उरलेला वापरा. दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी ती पूड हुंगू नये, उडवू नये. काळेपणा आतल्या पाकळ्यांत गेला असेल, कांदा मऊ पडून पाणी सुटलं असेल, वास येत असेल, तर मात्र सरळ फेका.

नुसता कोंब आला म्हणून कांदा विषारी होत नाही. कोंब कापून भाजीत टाका, उरलेला कांदा त्याच दिवशी संपवा. चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो, हीसुद्धा अफवाच. झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तो दोन-तीन दिवस चांगला राहतो.

फ्रीझर : काय जमतं, काय जमत नाही

आपल्याकडं फ्रीझरमध्ये मटार ठेवतात, कांदा कुणी ठेवत नाही. पण कांदा त्याहून सोपा. मटार आधी उकळत्या पाण्यातून काढावा लागतो, चिरलेल्या कांद्याला त्याची गरज नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. कांद्यात बहुतांश पाणी असतं. गोठताना त्याचे बर्फाचे कण होतात आणि कांद्याच्या पेशी फाडतात. म्हणून बाहेर काढल्यावर कांदा लिबलिबीत होतो, करकरीतपणा जातो. कोशिंबीर, भेळ, भाकरीबरोबर बुक्कीनं फोडायचा कांदा, कांदाभजी, यासाठी तो उपयोगाचा नाही. आमटी, पिठलं, रस्सा, उसळ, मसाल्याचं वाटण, पुलाव, खिमा, जिथं कांदा परतायचाच आहे तिथं फरक कळत नाही.

पद्धत अशी :

१. कांदा सोलून, धुवून, कोरडा करून चिरा. बारीक किंवा उभा, जसा लागतो तसा.

२. ताटात एकच थर पसरून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. हे केलं नाही तर पिशवीत त्याचा दगड होतो.

३. गोठला की एका भाजीला लागेल एवढ्या छोट्या पिशव्या भरा. हवा दाबून काढा. पिशवीवर तारीख घाला.

४. त्या पिशव्या आणखी एका पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नाहीतर उन्हाळ्यात आइस्क्रीमला कांद्याचा वास.

५. वापरताना वितळू देऊ नका. गोठलेलाच थेट तापल्या तेलात. पाणी सुटून तडतडतो, म्हणून जरा लांब उभे राहा.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन ते सहा महिने चव चांगली राहते. पुढं बिघडत नाही, पण वास उतरतो. कच्चं वाटण गोठवलं तर कधी कधी कडवट लागतं, त्यामुळं कांदा आधी गुलाबी परतून वाटा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोन खडे म्हणजे एका भाजीचं वाटण. सकाळी डबा करून सातची मेट्रो पकडणाऱ्यांना याची किंमत कळेल. कांद्याची पातही अशीच चिरून ठेवता येते.

वीज गेली तर फ्रीझर उघडू नका. गावाला जाणार असाल तर एक युक्ती : वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं. तो कांदा टाकून द्या. पिशवीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही, चव तेवढी कमी होते.

हैदराबादी उपाय : तळून ठेवा

या शहराला कांदा टिकवण्याची आणखी एक रीत चांगली ठाऊक आहे. बिर्याणी आणि हलीमवर पडतो तो तळलेला कांदा. उभा, एकसारखा पातळ चिरायचा, थोडा वेळ कापडावर सुकवायचा, मध्यम आचेवर सोनेरी तळायचा आणि रंग गडद व्हायच्या जरा आधीच काढायचा. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. बाहेर काही आठवडे, फ्रीझरमध्ये काही महिने राहतो. पावसाळ्यात पसरून ठेवायला जागाच नसेल तर एक किलोचा मूठभर होतो, हेही सोयीचं. फक्त परतलेला कांदा किंवा लसूण तेलात बुडवून बरणीत बाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या तेलात घातक जंतू वाढू शकतात, आणि त्यांचा वासही येत नाही.

कांदेनवमीची आठवण

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडं कांदेनवमी असते. दोन दिवसांनी एकादशी, मग चातुर्मास, आणि अनेक घरांत कांदा-लसूण बंद. म्हणून त्या दिवशी भजी, थालीपीठ, कांद्याची भाजी, असेल नसेल तेवढा कांदा खाऊन घ्यायचा. श्रद्धा ज्याची त्याची, पण वेळ मात्र कांद्याच्या स्वभावाला धरून आहे. त्याच सुमारास पाऊस जोर धरतो आणि साठवलेला कांदा बिघडायला लागतो.

चातुर्मास पाळत असाल किंवा नसाल, ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कांदेनवमीच्या आठवड्यात सगळं टोपलं जमिनीवर ओता. घट्ट आहे तो परत जाळीत. मऊ पडायला लागलाय, मान ओलसर आहे, त्याची भजी करा आणि उरलेला चिरून फ्रीझरमध्ये टाका.

पंचवीस किलोच्या अर्ध्या पोत्याचा हिशेब सोपा आहे. महिन्याला सहा किलो धरले तर एप्रिलअखेर आलेला कांदा चार महिने, म्हणजे ऑगस्टअखेर गणपतीच्या आसपास संपतो. त्यापुढं ताणायचा हट्ट नको. जास्त असेल तर मे महिन्यातच शेजाऱ्यांत वाटून टाका, तेव्हा तो ताजा असतो आणि देताना लाजही वाटत नाही.

आणि पुढच्या वेळी गावाकडं फोन कराल तेव्हा आईला एवढंच सांगा : पात कापताना एक इंच मान ठेवा, दहा दिवस सावलीत सुकवा, आणि प्लॅस्टिकच्या गोणीत नको, जाळीच्या पोत्यात भरा. निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं निम्मं आपल्या बाल्कनीत.